नाणं न ठेवलेली धार

धारकाकांना स्केटिंग येत नव्हतं. बर्फावर पाऊल पडलं की ते दोन्ही हातांनी कठडा धरत आणि जगबुडी आल्यासारखा चेहरा करत. पण रिंकच्या तळघरात अठ्ठावीस वर्षं स्केटच्या पात्यांना धार लावल्यामुळे कोण का पडलं हे फक्त आपल्यालाच कळतं, अशी त्यांची खात्री होती.

"तो उंच पोरगा ना? प्रेमभंग. खांद्यावरून कळतं."

"माझा गुडघा दोन वर्षं दुखतोय," कॅन्टीन चालवणारी त्यांची बायको म्हणे, "तो नाही कळला तुम्हाला."

लोक हसत आणि आणखी एक गोष्ट मागत. बर्फावरच्या चार मिनिटांच्या नाचाला काकांच्या तोंडी सावत्र आई, मोडलेलं लग्न, रुसलेला भाऊ असं गणगोत फुटे.

त्यांची लाडकी होती चिमणी. सहा वर्षांची असल्यापासून तिची पाती त्यांच्याच हातची. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि निवड स्पर्धेत पहिल्या दोघींत आली की संघात जाणार होती.

पात्याला दोन कडा असतात. दोन्ही एका उंचीच्या लागतात. म्हणून धार लावून झाली की काका पात्यावर नाणं आडवं ठेवत. ते कललं तर एक कड वर. हा नेम कधी चुकला नव्हता. स्पर्धेच्या सकाळी चुकला, कारण सरावाची घंटा झाली होती आणि कठड्यालगतची त्यांची बघायची जागा गेली असती. चिमणीच्या हातात स्केट ठेवून काका जिना धावत चढले.

सरावात ती दोनदा थांबली. पायाकडे बघितलं, मग काकांकडे बघून हात केला.

"घाबरलीय," काकांनी शेजाऱ्याला सांगितलं. "वडील आले नाहीत ना." आणि त्यांनीही जोरात हात हलवला.

तिसऱ्या उडीला ती पडली. घोट्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला.

दुपारी प्रशिक्षक बाई कॅन्टीनमध्ये आल्या. चिमणीचे स्केट त्यांनी टेबलावर टाकले.

"कचरली. अहवालात तेच लिहिणार आहे. अशा पोरीला पुन्हा कोण घेईल?"

"काका, सांगा की, नक्की काय झालं?" कोपऱ्यातून कोणीतरी खुर्ची पुढे ओढली.

काकांनी खिशातून नाणं काढलं आणि उजव्या पात्यावर ठेवलं. ते कललं. बायकोने पाहिलं आणि हातातली कपबशी हळूच खाली ठेवली.

"ती कचरली नाही," काका म्हणाले. "धार माझी चुकली."

"हे लिहून द्याल?"

त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी तळघराची किल्ली परत करावी लागली. चिमणीच्या अहवालातून 'कचरली' हा शब्द गेला. घोट्यातले तीन स्क्रू राहिले. चालता येईल, उडी नाही, असं डॉक्टर म्हणाले.

काका तिला भेटायला गेले, तेव्हा ती भिंतीकडे बघत होती.

"काका, मी हात केला होता तुम्हाला."

"मीपण केला होता गं."



पुढच्या मोसमात टीव्हीवर एक मुलगी पडली. बायकोने सवयीने विचारलं, "हिचं काय झालं असेल हो?"

"माहीत नाही," काका म्हणाले, आणि पडद्यावर तिच्या पायांकडे बघत राहिले.