निळी की पांढरी

माझी बहीण कुणावर विश्वास ठेवत नाही, हे मी तिच्या माघारी सांगतोय असं समजू नका. तोंडावर सांगतो. ती म्हणते, "ठेवते की! तपासून झालं की ठेवते." आता तपासून झाल्यावर जो उरतो त्याला विश्वास म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा. भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला की ती जुडीच्या आत हात घालणार. रेडिओवर वारा पश्चिमेचा सांगितला की ही बाहेर जाऊन गाल वाऱ्याकडे करून उभी. आमचे भावोजी तर शपथेवर सांगतात, की लग्न ठरलं तेव्हा ही त्यांच्या शाळेत जाऊन त्यांची जन्मतारीख विचारून आली होती. भावोजी दातांचे डॉक्टर. दिवसभर माणसं त्यांच्यापुढे तोंड उघडं ठेवून गप्प बसतात, घरी मात्र ती सोय नाही.

ताई पोरांना शिडाच्या बोटी चालवायला शिकवते. तलावाकाठी क्लब आहे, त्याची ती कोच. मी तिचा धाकटा भाऊ, त्याच क्लबाच्या बोटशेडच्या माळ्यावर शिडं शिवतो. माझ्या मशीनपुढच्या खिडकीतून बोटी पाण्यात उतरवायचा उतार दिसतो आणि खाली चाललेली सगळी भांडणं ऐकू येतात. सगळं मला कळतं, पण मला कोणी काही विचारत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

तर झालं असं, की क्लबातली मोठी पोरं जुन्या बोटींना कंटाळली. त्या बोटी रुंद, जाड, सुरक्षित. पोरं त्यांना 'टब' म्हणायची. दुसऱ्या क्लबातली पोरं शर्यतीत सुसाट पुढे जायची आणि आमची मागून अंघोळ केल्यासारखी यायची. शेवटी कमिटीनं ठरवलं, दोघांनी चालवायची नवी, वेगवान बोट आणायची. सगळ्यांना एकाच जातीची, म्हणजे शर्यतीत कुणाला झुकतं माप नको. चाळणी लावता लावता दोन जाती उरल्या. एकीचा रंग निळा, दुसरीचा पांढरा, म्हणून सगळे त्यांना निळी आणि पांढरीच म्हणायला लागले.

निळी अरुंद आणि हलकी. वारा मिळाला की पाण्यावरून उडते म्हणा ना. पण तिला माणसंही हलकी लागतात. दोघांचं मिळून वजन जरा वाढलं की मंद वाऱ्यात ती पाण्यात बसते, हलत नाही. पांढरी थोडी रुंद, थोडी धीमी, पण थोराड जोडीलाही सांभाळून घेते. दोन्हींत पुढचा गडी कमरेच्या पट्ट्याचा आकडा डोलकाठीवरून आलेल्या तारेच्या कडीत अडकवून बोटीबाहेर लटकतो, म्हणजे बोट कलंडत नाही. बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पोरांना मात्र त्यातच मजा.

आता खरी गोम ऐका. ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, सुकाणू धरते. तारेवर लटकते तिची मैत्रीण. टबात बसायच्या वयापासून दोघी एकत्र. एकीनं मान वळवली की दुसरीचा हात दोरावर गेलेला असायचा. पण ती मैत्रीण गेल्या वर्षात अशी काही उंच झाली, की सगळे तिला 'शिडी' म्हणायला लागले. उंचीबरोबर वजनही आलं. म्हणजे निळी आली तर ही जोडी फुटणार. शिडीला कुणीतरी चिमुकला जोडीदार शोधायचा आणि भाचीला दुसरं कुणीतरी. पांढरी आली तर जोडी टिकणार. भाची तोंडानं काही बोलली नाही, पण त्या आठवड्यात जेवताना तिचं ताटात लक्ष नव्हतं, हे मी बघितलं.

ताईनं मात्र दुसरंच बघितलं. ती माळ्यावर आली, माझ्या शिडाच्या कापडावर खुशाल बसली आणि म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"कुठे?"

"सेक्रेटरीचा पुतण्या आणि त्याचा जोडीदार, दोघं काडीपैलवान. निळी आली की त्यांचीच चैन. म्हणून सेक्रेटरी निळीच्या मागे. आणि तो बोटींचा विक्रेता! किती गोड बोलतो बघितलंस? इतकं गोड बोलणाऱ्याचे खायचे दात वेगळे असतात."

"दातांचं भावोजींना विचार," मी म्हटलं. विक्रेता मलाही आवडला नव्हता. नव्या बोटीबरोबर शिडंही तयार येतात, मग मी काय माळ्यावर बसून माशा मारायच्या? पण ते मी बोललो नाही.

"आणि लोक काय म्हणतील ठाऊक आहे?" ताईचा आवाज खाली आला. "पांढरी घेतली तर म्हणतील, कोचनं पोरीसाठी घेतली. मी तसं होऊ देणार नाही. पोरीवरही माझं लक्ष आहे."

"अगं, तिच्यावर कसलं लक्ष?"

"तिला पांढरी हवी आहे. हवं असलं की माणूस काहीही करतो."

मी कपाळावर हात मारला. जगावर संशय घ्यावा, समजू शकतो. पण पोटच्या पोरीवर? ताईला म्हटलं, तुला कावीळ झाली आहे, सगळं पिवळं दिसतं. ती म्हणाली, "आणि तुला मोतीबिंदू, काहीच दिसत नाही." झालं, संपलं बोलणं.

रविवारी चाचणी ठेवली. विक्रेत्यानं एक निळी, एक पांढरी आणली. दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत सेक्रेटरीच्या पुतण्याची जोडी निळीत, भाचीची जोडी पांढरीत. मग अदलाबदल. सगळ्यांना कळत होतं की पहिल्या फेरीत निळी जिंकणार. प्रश्न दुसऱ्या फेरीचा होता. थोराड जोडी बसल्यावरही निळी पुढे राहिली तर निळीच घ्यायची. नाही राहिली तर पांढरी.

ताईनं सकाळपासून विक्रेत्याला फैलावर घेतलं होतं. ही डोलकाठी नवी आहे का? मग हा ओरखडा कसला? दोन्ही बोटींची पाण्याखालची फळी सारखीच घासली आहे का? तळाला काही चोपडलंय का? तिनं खरंच बोटीच्या तळावरून तळहात फिरवून त्याचा वास घेतला. विक्रेता हसतमुखानं उत्तरं देत होता, आणि तो जितका हसत होता तितकी ताईची भुवई वर जात होती.

पहिल्या फेरीत झालं सगळं ठरल्यासारखंच. निळी मारे पुढे आली, सेक्रेटरीनं टाळ्या वाजवल्या. ताईनं माझ्याकडे 'बघितलंस?' अशा नजरेनं पाहिलं, जणू काही टाळ्या वाजवणं हा गुन्हाच.

मग पोरांनी बोटी बदलल्या. निळीतल्या तारेची कडी पुतण्याच्या बुटक्या जोडीदारासाठी खाली ठेवलेली होती. शिडीसाठी ती वर ओढावी लागली. वर ओढल्यावर कडी वरखाली करायच्या दोराचं लांबलचक टोक लोंबत राहिलं. ताई पुढे झाली.

"हे काय लोंबतंय?"

"मॅडम, ते मोकळंच राहू द्या," विक्रेता म्हणाला. तेवढ्यात पांढरीकडून कुणीतरी हाक मारली म्हणून तो तिकडे गेला.

"मोकळंच राहू द्या म्हणे!" ताई माझ्याकडे वळली. "म्हणजे हे कशात तरी अडकेल, बोट थांबेल, आणि खापर फुटेल माझ्या पोरांवर." तिनं ते टोक कडीभोवती दोनदा गुंडाळलं आणि अशी काही गाठ मारली, की हत्ती बांधावा. शिडी बोटीत उभी राहून बघत होती. भाचीही बघत होती. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि सुकाणू हातात घेतलं. मीही गप्प राहिलो. मला शिडातलं कळतं, तारेतलं नाही.

दुसरी फेरी सुरू झाली. वारा चांगला होता. शिडी तारेवर लटकली, आणि काय सांगू, निळी अशी काही निघाली की काठावरच्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली. पहिल्या बोयापर्यंत, म्हणजे वळसा घालायच्या तरंगत्या खुणेपर्यंत, दोघी पांढरीच्या खूप पुढे होत्या. सेक्रेटरी खूश. विक्रेता खूश. ताई दुर्बीण डोळ्याला लावून पुटपुटत होती, "थांब, थांब, बघू या पुढे."

बोयाला वळसा घालायची वेळ आली आणि निळी अचानक वाऱ्याकडे तोंड करून उभीच राहिली. भाचीनं शिडाचा दोर सोडून दिला. शीड फडफडायला लागलं. दोघी बोटीच्या एका कडेला वाकल्या होत्या. काय करत होत्या, ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. मागून पांढरी आली, शांतपणे वळसा घालून पुढे गेली आणि तीच आधी पोचली. निळी नंतर हळूहळू आली.

ताईनं दुर्बीण खाली केली. तिचा चेहरा असा झाला होता, की मी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि सगळ्या कमिटीसमोर, सगळ्या पोरांसमोर म्हणाली, "ही फेरी धरू नका. माझ्या मुलीनं हातातला दोर सोडलेला मी डोळ्यांनी बघितला. तिला पांढरी हवी होती, म्हणून तिनं बोट मुद्दाम थांबवली."

भाची गुडघाभर पाण्यात बोट धरून उभी होती. तिनं आईकडे बघितलं, आणि मग खाली पाण्याकडे. एक शब्द नाही. अगं, बोल की पोरी! चोर तरी 'मी नाही' म्हणतो.

शिडीनं पुढे पाऊल टाकलं. भाचीनं तिचा हात मागे ओढला. "नको," ती हळूच म्हणाली.

"नको काय!" शिडी रडवेली झाली होती. "काकू, माझा आकडा तुमच्या गाठीत अडकला! मला कडीतून सुटताच येईना. वळताना बोट उलटली असती तर मी तारेला बांधलेली पाण्याखाली गेले असते. हिनं बोट थांबवली, दातांनी गाठ सोडवली आणि मला आत ओढलं. ही बघा!" तिनं भाचीची हनुवटी धरून चेहरा वर केला. ओठ फुटला होता. रक्त पाण्यानं धुऊन गेलं होतं, पण सूज दिसत होती.

विक्रेता निळीकडे गेला. कडीशी दोराचा ओला, चावलेला गुंता होता. तो त्यानं हातात घेतला, ताईकडे बघितलं आणि काही न बोलता खाली सोडला. पहिल्यांदाच मला तो माणूस बरा वाटला.

ताई तोंडात मारल्यासारखी उभी होती. सेक्रेटरीनं घसा खाकरला. "आपण, म्हणजे, फेरी पुन्हा घेऊ या का?"

"गरज नाही," भाची म्हणाली. "निळीच घ्या. ती खरंच वेगवान आहे. आज वारा जोरात होता म्हणून आम्हालाही तिनं पळवलं, मंद वाऱ्यात आम्ही दोघी तिला जड होऊ. पण बाकीच्या सगळ्या जोड्या तिच्यात बसतात. आमच्या दोघींसाठी सगळ्यांनी मागे कशाला राहायचं?"

शिडी तिच्याकडे बघतच राहिली. मग मोठ्यानं रडायला लागली, आणि भाचीनं ओल्या बाहीनं तिचे डोळे पुसले. ती स्वतः मात्र रडली नाही.

निळी ठरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईनं सगळ्यांसमोरच सांगितलं, "गाठ माझी. चूक माझी. मुलीचा काही दोष नाही." एवढं तिचं मोठेपण मी नाकारत नाही. पण ऐकायला थांबलंय कोण! भाची शिडीबरोबर चालत निघूनही गेली होती.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. भावोजींनी लेकीच्या ओठाला औषध लावलं होतं आणि ते आपण होऊन चहा करत होते, म्हणजे घरात केवढं वादळ होऊन गेलं ते समजा. भाची टेबलाशी बसून ओले हातमोजे उलटे करून वाळत घालत होती. ताई तिच्यासमोर बसली होती. पाठीचा कणा ताठ, पण हात मात्र कुठे ठेवावे ते तिला कळत नव्हतं.

"चुकलं माझं," ताई म्हणाली. "सगळ्यांसमोर चुकलं."

"हो," भाची म्हणाली.

"पण तू का नाही बोललीस गं? तिथेच, तेव्हाच सांगायचं होतंस. मी एवढं बोलत होते आणि तू ऐकून घेतलंस!"

भाचीनं हातमोजा खाली ठेवला. "मी सांगितलं असतं, तर तू खरं मानलं असतंस?"

भावोजींनी गॅस बंद केला. मी मनात म्हटलं, ताई, बाई, आज तरी खोटं बोल. हो म्हण आणि पोरीला जवळ घे. पण ताई कुणालाच सोडत नाही, स्वतःलाही नाही. तिनं लेकीच्या सुजलेल्या ओठाकडे बघितलं.

"नसतं मानलं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"मला माहीत होतं," भाची म्हणाली. तिनं दुसरा हातमोजा उचलला आणि तोही उलटा करायला घेतला.