नळीसमोरचे काका

हवेत उडणाऱ्या चकत्यांवर नेमबाजी करायला मला एकावर एक नळ्या असलेली, परवडणारी बंदूक हवी होती. मांडवीजवळच्या दुकानात मालकाने दोन काढल्या, एक नवी आणि एक वापरलेली. दोन्ही उघडून रिकाम्या असल्याचं त्याने दाखवलं.

तेवढ्यात बाकावर बसलेले एक म्हातारे गुजराती गृहस्थ उठले. फोटोला उभं राहावं तसं सदऱ्याचं वरचं बटण लावून ते माझ्यासमोर आले.

"बेन, गालाला लावा आणि माझ्या उजव्या डोळ्यावर धरा. नीट बसते का, ते समोरूनच कळतं."

मालकाने मान डोलावली. मी नवी धरली.

"तुमचा डोळा नळीच्या खाली बुडतोय."

मग जुनी धरली. पापणी न हलवता ते नळीत बघत राहिले.

"ही तुमच्या मापाची. स्वस्तही आहे."

मी बंदूक खाली घेतली. "काका, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"रिकामी आहे, उभा राहा, असं एकदा मी धाकट्या भावाला म्हणालो होतो," ते शांतपणे म्हणाले. "तेव्हापासून समोर मीच उभा राहतो."

मी जुनी घ्यायचं ठरवलं.

"अजून एकदा धरून बघा ना," ते म्हणाले.

मी "नको" म्हटलं, तेव्हा ते हिरमुसले आणि परत बाकावर जाऊन बसले.