सहा भोकं आणि एक शेपूट

रीस प्रॉसरने सासऱ्याच्या रायफलीला चार भोकं पाडली. भोकं सुरेख होती. रीस कारखान्यात ड्रिलच्या मशीनवरच उभा असायचा, त्यामुळे चारही एका रेषेत, आतले आटे लखलखीत, कडेला कणभर पोलाद उचललेलं नाही. चूक एवढीच, की रायफल सासऱ्याची होती आणि सासऱ्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

कल्पना त्याच्या बायकोची, पॉलीनची. "बाबांना आता नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नीट दिसत नाही. नेम धरताना किती वेळ लावतात बघ. दुर्बीण बसवून दे, खूश होतील." बाबा शेवटचे कधी खूश झाले होते ते पॉलीनलाही आठवत नव्हतं, पण आशा चिवट असते.

सासऱ्याने, वासिल ह्रिन्कोने, रायफल हातात घेतली. जुनी, खालची लिव्हर ओढून गोळी भरायची, दस्त्यावरचं पॉलिश गालाने आणि घामाने कधीच खाल्लेलं. माथ्यावर ही लांबलचक काळी दुर्बीण, जशी काही म्हातारीला नवऱ्या मुलाची टोपी.

"हे काय?"

"दुर्बीण. नऊपट मोठं दिसतं."

"खाली काय?"

"बैठक."

"आणि बैठकीखाली?"

रीसने खिशातून फडकं काढून बैठक पुसली.

"भोकं," वासिल म्हणाला. "खाणीत छत पडलं, माणसं पडली, मी पडलो. हिच्यावर ओरखडा नाही उठला. आणि तुला एका दुपारी चार भोकं सुचली. वेल्श्याच ना शेवटी, मुकादमांची जात! तुझा आजा मुकादम म्हणून आमच्या डोक्यावर उभा राहायचा, वॅगनमध्ये दगड आहेत म्हणून मजुरी कापायचा. तू पोलाद कापतोस. प्रगती आहे."

या घरचा जावई होऊन रीसला सहा वर्षं झाली होती आणि अजून तो सासऱ्याला 'मिस्टर ह्रिन्को'च म्हणत होता. दुसरं काही म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं.

वासिल ह्रिन्को म्हणजे सातव्या शाफ्टच्या, म्हणजे खाणीच्या सातव्या विहिरीच्या, वस्तीतला सगळ्यात आडमुठा माणूस, आणि त्या वस्तीत या पदासाठी चुरस होती. आठवीत शाळा सोडली, कोळशातले दगड वेचले, मग खाली उतरला. छत कोसळलं तेव्हा गळ्याजवळचं डाव्या बाजूचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं. त्या खांद्याला अजून कोटसुद्धा खुपतो. खाण बंद झाली तेव्हा म्हणाला, "बरं झालं, मलाच सोडायची होती." बायको तेक्ला शर्टांच्या कारखान्यात शिवायची. वासिलचं देवळात पाद्र्याशी भांडण, दुकानात वाण्याशी भांडण, घरी कुणी नसलं तर रेडिओशी. आयुष्यात अभिमानाची गोष्ट एकच, आणि ती त्याच्या पँटमध्ये खोचलेली असायची: शर्टाचं शेपूट, पाठीमागचा लांब भाग.

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. शाळासुद्धा बंद असते, कारण वर्गात येणार कोण? वस्तीतले सात-आठ जण उत्तरेला डोंगरात लाकडी कॅम्पवर जमतात, आणि कॅम्पचा कायदा देवळापेक्षा कडक. ज्याची गोळी हरणाला चुकली, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट संध्याकाळी कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. शिवाय त्याने शिकारीला बसायची आपली जागा पुढच्या वर्षी सोडायची. भिंत भरून गेली होती. चौकड्यांची, पट्ट्यांची, विटलेली शेपटं. वासिलचा मेव्हणा मायरॉन, त्याची एकट्याची पाच. वासिलचं एकही नव्हतं. त्यामुळे झऱ्यावरच्या मोठ्या हेमलॉकच्या झाडाखालची जागा, जिथे हरणं पाणी प्यायला येतातच येतात, तरुणपणापासून वासिलची होती. ती मायरॉनला हवी होती. मागचे काही मोसम तो कात्रीला धार लावून आणत होता.

"दाजी," तो म्हणायचा, "यंदा शर्ट चांगला घाला हं. भिंतीवर कायमचा राहायचाय."

मोसमाला तीन आठवडे असताना, एका रविवारी वस्तीमागच्या कोळशाच्या कचऱ्याच्या काळ्या ढिगाऱ्यावर कागद लावून वासिलने पहिली गोळी झाडली. कागद शाबूत. लिव्हर खाली ओढली आणि मग चूक कळली. खरी चूक, भोकांपेक्षा मोठी. या जातीच्या रायफलीतून रिकामं काडतूस सरळ वर उडतं. वर आता दुर्बीण होती. काडतूस उडालं, दुर्बिणीच्या पोटावर आपटलं, परत आत पडलं आणि तिरकं अडकून बसलं. लिव्हर ना वर ना खाली.

वासिलने रायफल रीसच्या हातात दिली. "घ्या जावईबुवा. एका गोळीची केलीत. लग्नातली तोफ."

"मी दुरुस्त करतो."

"तू हात लावलास म्हणूनच दुरुस्तीची वेळ आली."

रीसला रात्रभर राग आला. सासऱ्याचा आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. आपण ड्रिलवर उभे राहणारे, आणि काडतूस कुठून बाहेर पडतं हे भोकं पाडण्याआधी बघितलं नाही! माथ्यावरची दुर्बीण काढून कडेला, रायफलीच्या डाव्या गालावर बसवायची, म्हणजे वरचं तोंड मोकळं राहील, हे त्याला सकाळी दाढी करताना सुचलं. पण किती बाहेर, किती मागे, डोळ्यापासून किती लांब? त्याने म्हाताऱ्याला आपल्या तळघरात बोलावलं, दुर्बीण नुसत्या दोरीने बांधली आणि रायफल खांद्याला लावायला सांगितली.

वासिलने उजव्या खांद्याला लावली. मान उजवीकडे कलली. रीसला वाटलं, मुद्दाम वाकडी धरतोय, दुर्बिणीचा अपमान करायला.

"सरळ धरा हो."

वासिलने मान सरळ केली, उजवा डोळा दुर्बिणीला लावला.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"स्पष्ट?"

"आंधळा समजतोस? समोरच्या फळीवरचे खिळे मोजून दाखवू?"

रीसने दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे रबराचं काळं टोपण होतं. ते काढायचं तो विसरला होता.

तळघरात बॉयलर घरघरत होता. रीसने हात पुढे करून टोपण काढलं. ते काढताना टप असा आवाज झाला. वासिलने तो ऐकला. रायफल हळूहळू खाली आली.

मग रीसला एकेक गोष्ट आठवत गेली. कॉफी ओतताना म्हातारा किटली आधी कपाला टेकवायचा. बोलताना कोंबडीसारखी मान वळवून एका बाजूने बघायचा. रीस समजत होता तुच्छतेने. जेवताना उजवीकडे ठेवलेली हलुपकी, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, तशीच राहायची आणि तेक्ला म्हणायची, भूक मेली का? आणि वर्षभर म्हाताऱ्याची गाडी "पाठ दुखते" म्हणून पॉलीनच चालवत होती.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मिस्टर ह्रिन्को, टोपण होतं."

वासिल खुर्चीत बसला. "मध्यभागी डाग आहे," तो म्हणाला, जणू भिंतीला सांगतोय. "ज्याच्याकडे सरळ बघावं तेच जातं. कडेचं अंधुक दिसतं. डावा डोळा ठणठणीत आहे." मग एकदम वर बघून: "हे पॉलीनला कळलं, तेक्लाला कळलं, त्या मायरॉनला कळलं, तर तुझ्या घरात मी राहायला येईन. कायमचा. तुझ्या शेजारच्या खोलीत."

इतकी भयंकर धमकी रीसला कुणी दिली नव्हती.

"डाव्या खांद्याने का नाही मारत?"

"हा खांदा? याला तू टाळी दिलीस तरी मी ओरडेन."

रीसने दोरी सोडली. नऊपटीची दुर्बीण कपाटात टाकली. झाडीत, एवढ्या जवळून, तिच्यातून हरणाचे केस दिसले असते आणि हरीण नसतं दिसलं. दुसरी आणली: छोटी, अडीचपट, रुंद दिसणारी. मग जाड पट्टीतून एक बैठक कापली, बाजारात मिळते तिच्यापेक्षा बरीच बाहेर येणारी. खांदा उजवा आणि डोळा डावा, अशा माणसासाठी बाजारात कोण बनवणार? वासिल उजव्या खांद्याला दस्ता लावून मान टाकायचा, रीस दुर्बीण मागेपुढे सरकवायचा. गोळीच्या धक्क्याने भुवईला लागू नये एवढी लांब, कडा काळ्या दिसू नयेत एवढी जवळ.

"आता?"

"काळं दिसतंय."

"आता?"

"तुझा अंगठा दिसतोय."

"आता?"

वासिलने डोळा दुर्बिणीलाच लावून ठेवला. तळघराच्या खिडकीतून समोरच्यांच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड दिसत होतं. "वरच्या फांदीवर एक सडकं राहिलंय," तो म्हणाला. "तोडा म्हणावं त्यांना."

"बसवायला दोन भोकं आणखी लागतील. डाव्या गालावर."

"आणखी?"

"दोनच."

"चार चुकीची भरायला दोन बरोबर! तुमच्या आजोबांचा हिशोब हाच होता." पण रायफल त्याने टेबलावर ठेवली आणि ड्रिल सुरू झालं तेव्हा तोंड फिरवून उभा राहिला. माथ्यावरची चार भोकं रीसने बिनडोक्याच्या स्क्रूंनी बुजवली. वासिलने त्यावर बोट फिरवलं. "बिनडोक्याचे. सही केलीस म्हणायची."

ढिगाऱ्यावर पुन्हा कागद लागला. दुर्बीण डावीकडे, नळी उजवीकडे. त्यामुळे गोळी आणि नजर एका ठराविक अंतरावरच भेटणार, अलीकडे गोळी उजवीकडे, पलीकडे डावीकडे. झऱ्यापर्यंतच्या अंतरावर रीसने दोघांची भेट घालून दिली. तिसऱ्या गोळीला कागदाच्या मधोमध भोक पडलं. काडतूस वर उडून वासिलच्या टोपीवर पडलं.

"बरं आहे," वासिल म्हणाला. "काडतूस."

मोसमाच्या पहिल्या सोमवारी कॅम्पवर रीसही होता. सभासद म्हणून नाही, ड्रायव्हर म्हणून, 'पाठ दुखते'. बर्फ घोट्याएवढं. उजाडताना तो हेमलॉकच्या खालच्या उतारावर, म्हातारा दिसेल असा, बिनबंदुकीचा बसला. वासिलची मान उजवीकडे कललेली, झोपल्यासारखी. ही मान कुणी बघू नये म्हणून रीस देवाला विनवत होता, आणि सासऱ्यासाठी देवाला विनवावं लागतंय याचा त्याला संताप येत होता.

झऱ्यावर शिंगं हलली. चांगली मोठी. हरणाने मान खाली घातली, परत वर केली, झाडीत एक पाऊल मागे घेतलं. वासिलने अंगठ्याने घोडा मागे चढवला. दुर्बीण कडेला होती, अंगठ्याला आडवं यायला काही नव्हतं. चाप दाबला, गोळी सुटली. हरीण उडी मारून बाहेर आलं, उभं राहिलं, आवाज कुठून आला ते त्याला कळेना. लिव्हर खाली, काडतूस मोकळं वर, लिव्हर वर. दुसरी गोळी. हरीण बसलं आणि कलंडलं.

मायरॉन कात्रीसकट पळत आला. आधी हरीण बघितलं, चेहरा पडला. मग बर्फातली दोन काडतुसं बघितली, चेहरा उजळला. हरणाला उलटवून बघितलं, भोक एकच. मग कुत्र्यासारखा झाडं हुंगत फिरला आणि एका कोवळ्या बीचच्या झाडापाशी थांबला. साल ताजी फाटलेली, आतलं लाकूड पांढरं.

"दाजी! पहिली चुकली!"

"हरीण पडलेलं दिसत नाही का?"

"दुसरीने पडलं. पहिली चुकली. कायदा गोळीचा आहे."

"कायदा हरणाचा आहे. हरीण चुकलं तर शेपूट."

सगळे जमले. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मायरॉन रीसकडे वळला. "तू होतास ना इथे? पहिली गोळी कुणाची?"

रीसला काय झालं कुणास ठाऊक. "माझी," तो म्हणाला. "मी जरा त्यांची रायफल—"

"गप्प बस!" वासिल ओरडला. "वेल्श्याच्या खोट्यावर जगायची वेळ नाही आली माझ्यावर. पहिली माझीच. बीचला लागली. मधे आलं ते."

मायरॉनने कात्री उघडली. वासिलने रायफल झाडाला टेकवली, आणि स्वतः शर्टाचं शेपूट पँटमधून बाहेर ओढलं. तेक्लाने शिवलेलं, लांब, कडेला दुहेरी टीप. तरुणपणापासून एकदाही कापलं न गेलेलं.

"काप," तो म्हणाला. "पण आधी सगळ्यांसमोर सांग, की हरीण मेलेलं नाही."

मायरॉनने हरणाकडे पाहिलं. हरणाने काही मदत केली नाही. मायरॉनने कात्री मिटली, उघडली, परत मिटली. शेवटी ठरलं की शेपूट येणं आहे, पण वसुली पुढच्या मोसमात. तोवर जागा दाजींचीच. मायरॉनने त्याच संध्याकाळी भिंतीवर खिळा ठोकला, खाली 'व. ह्रिन्को' आणि साल लिहिलं, आणि शेपटाची जागा राखायला खिळ्यावर आपली टोपी अडकवली.

परत येताना गाडीत वासिलने रायफल मांडीवर घेतली होती. डोंगर उतरून डांबरी रस्ता लागला तेव्हा म्हणाला, "तू मधे का बोललास?"

"तुमची जागा जाईल म्हणून."

"माझी जागा मी राखतो. तू भोकं राख." थोड्या वेळाने: "हरणाची मागची मांडी तुमच्या घरी. पॉलीनला आवडते म्हणून. तुला नाही."

पुढचा मोसम आला. शेपटाचं देणं अजून भरलेलं नाही. मायरॉन येतो, खिळ्यावर टोपी अडकवतो. वासिल येतो, मान उजवीकडे कलती करून खिळा शोधतो, टोपी काढून जमिनीवर टाकतो आणि शर्ट नीट खोचतो.