नळीची मूठ

कुरखेड्याच्या पत्रू लोहाराला एका जागी स्वस्थ बसलेला पाहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय ताटापाशी आणि दुसरा भट्टीकडे. एक काम हातात, दुसरं डोक्यात आणि तिसरं कुणाला तरी कबूल करून ठेवलेलं. "पायाले भिंगरी बांधूनच जल्मले हे," असं त्याची बायको धुरपता म्हणायची. घण तीच मारायची, भाताही तीच ओढायची, त्यामुळे तिला तसं म्हणायचा पुरता हक्क होता.

पण हाताला तोड नव्हती. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, जे करील ते वर्षानुवर्षं टिकायचं. मूठ बसवायची त्याची रीत बापाकडून आलेली. लाकडी मुठीच्या भोकात लाखेची पूड ठासून भरायची, पात्याची शेपटी लाल तापवून आत खुपसायची. लाख वितळते, थंड झाली की दगडासारखी धरून बसते. "माह्या हातचा विळा धरनारा सोडन, पन मूठ नाई सोडनार," असं तो बाजारात छाती काढून सांगायचा. गर्व होता, आणि तो फार दिवस खरा ठरल्यामुळे चांगलाच माजला होता.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पत्रूचा शाळेतला सोबती रामाजी हा वनखात्यात नाकेदार होता. त्याच्या बापाने छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, आणि घरातली पहिली सरकारी नोकरी रामाजीची. खाकी कपड्याला तो रोज घडी मोडू न देता जपायचा. त्याचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, भद्रावतीच्या कारखान्यात होता. या साळ्याने कुणाकडून तरी एक परदेशी सुरी मिळवली, आणि रामाजीने ती दोन दिवसांच्या बोलीवर मागून आणून पत्रूच्या ऐरणीवर ठेवली.

सुरी कसली, तमाशाच होता. वीतभराहून लांब पातं, पाठीवर करवतीसारखे दाते, मूठ लोखंडी आणि आतून पोकळ. मुठीचं झाकण फिरवलं की आत काड्या, सुईदोरा, मासे धरायचा गळ, आणि झाकणावर इवलंसं होकायंत्र.

"अशीच पाह्यजे," रामाजी म्हणाला. "जंगलात मानूस हरपला तरी हिच्यावर जगते म्हनतात."

"तू जल्मभर याच जंगलात, तू कुठी हरपतं बे?" पत्रू हसला. पण हसता हसता त्याचे डोळे त्या मुठीवरून हलेनात. त्याला ती करून दाखवायचीच होती.

ट्रकच्या कमानपट्ट्याचं पातं त्याने घडवलं, कानशीने दाते काढले. मुठीसाठी मोडक्या सायकलची नळी कापली. आता पातं नळीत बसवायचं कसं? परदेशी लोकांनी ते कसं बसवलं हे सुरी तोडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि सुरी साळ्याची. पत्रूने क्षणभरही विचार केला नाही. नळीच्या वरच्या अर्ध्यात लाख भरली, शेपटी तापवून खुपसली. खालचा अर्धा काड्यांसाठी पोकळ ठेवला. होकायंत्र काही जमलं नाही, म्हणून झाकणावर कोटाचं मोठं काळं बटण बसवलं. रामाजी ते बटणही लोकांना कौतुकाने दाखवत हिंडला.

ती सुरी कमरेला लावून रामाजी मालेवाड्याच्या वाटेवरच्या जंगलात वणव्याच्या पहाऱ्यावर गेला. एप्रिल लागला होता. मोहफुलं वेचायला बाया पहाटेपासून जंगलात, आणि त्याच फुलांवर अस्वलंही.

इकडे पत्रूला चैन कुठली? त्याने लगेच दुसरी सुरी केली. पहिलीचे दाते बांबूत अडकतात असं त्याच्या मनाने घेतलं, म्हणून दुसरीला दाते नाहीत, पातं बोटभर रुंद, टोक जरा खाली झुकतं. मूठ तीच, नळीची. परदेशी सुरीपेक्षा ही हातात जास्त चांगली बसते असं त्याचं मत झालं, आणि ते त्याने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. मग ती दारासमोरच्या पत्र्यावर ठेवून तो तिसरीच्या विचाराला लागला.

रामाजीला जाऊन पंधरवडा झाला असेल, एका दुपारी धुरपता लोणच्याच्या कैऱ्या फोडायला बसली. विळा सापडेना, म्हणून तिने पत्र्यावरची सुरी घेतली. चटका बसला तशी पदराने धरली. पहिल्याच घावाला पातं कैरीच्या कोयीत रुतलं, तिने ओढलं, आणि नुसती नळी तिच्या हातात आली. पातं कैरीतच. नळीच्या तोंडाशी लाखेची तपकिरी तार लोंबत होती.

धुरपता आधी हसली. मग तिने नळी पत्रूपुढे धरली.

"पाहा इकडे," ती म्हणाली. "कैरीवर सुटली. अस्वलावर काय करन?"

पत्रूने नळी हातात घेतली आणि ती लाख बोटाने दाबून पाहिली. लाकूड ऊन पीत नाही, लोखंड पितं. विळ्याच्या मुठीत लाख जन्मभर गार राहते, ती या नळीत भर उन्हात लोण्यासारखी मऊ पडली. साधी गोष्ट. लोहाराच्या पोराला कळावी अशी. आणि पंधरा दिवस रामाजी अशीच मूठ कमरेला लावून उन्हात, वणव्याच्या कडेने फिरत होता.

"मी जातो," तो उठला.

"रिकाम्या हातानं? जंगलात फिरनाऱ्याची सुरी काढून घ्याल अन् त्याले देसान काय? आशीर्वाद?"

तेही खरं होतं. मग दुपार ढळेपर्यंत दोघांनी भट्टी पेटती ठेवली. तिसऱ्या सुरीचं पातं आणि मूठ एकाच पट्टीची, मधे जोडच नाही. दोन्ही बाजूंनी तिवसाच्या लाकडाच्या फळ्या, आरपार तीन तांब्याचे खिळे, दोन्हीकडून ठोकलेले. दाते नाहीत, पोकळी नाही, बटण नाही. रूप म्हणाल तर खाटकाच्या दुकानातलं. पण घण मारताना धुरपताने एकदाही मान हलवली नाही, आणि तिला पातं पसंत नसलं की ती मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पत्रू सायकलवर निघाला. वाटभर जीव टांगणीला. समोरून माणूस आला की वाटे, हा वाईट बातमी सांगणार. पुलापाशी एकाने "राम राम पत्रूभाऊ" म्हटलं, तर पत्रूने थांबून विचारलं, "काऊन, काय झालं?" तो बिचारा बघतच राहिला. शिवाय मनात दुसरीच कुरतड. रामाजीला सांगायचं काय? माझी मूठ सुटते असं सांगितलं की बाजारात उद्या कोण उभं करील? त्याने एक थाप तयार केली: धार लावून देतो, तोवर ही ठेव. मैलभर गेल्यावर ती थाप त्याला बरी वाटायला लागली, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

जंगलातल्या चौकीपाशी सावलीत रामाजी चहा उकळत होता. धडधाकट. दोन्ही हात जागेवर. पत्रूने सायकल तशीच आडवी सोडून दिली.

"जय भीम, रामाजीभाऊ!"

"राम राम," रामाजीने त्याला त्याच्याच रीतीने उत्तर दिलं. "अबे, तू इथी कसा? ये, चहा घे."

"धार लावून देतो सुरीले. तवर ही ठेव."

रामाजीने नवी सुरी उलटसुलट पाहिली आणि नाक मुरडलं. "ही? नाई बाप्पा. शुक्रवारी साहेब येऊन राह्यले, त्याईले माही दाखवाची आहे. सगळ्या नाकेदाराईले अशीच करून घेऊ म्हनतात." मग तो जवळ सरकला. "अन् आता तं मी ती कोनाले देतच नाई. परवा काय झालं, ऐक."

परवा सकाळी सोमारी नावाची म्हातारी मोहाखाली वाकली होती, आणि झुडपातून अस्वल निघालं. म्हातारीला कमी दिसायचं. रामाजी पन्नास पावलांवर. "आधी मी पळालोच असतो," तो म्हणाला. "घरी दोन पोरी आहेत माह्या. पन हात कमरेले गेला, सुरी हातात आली, अन् मले वाटलं, पत्रूची आहे. मंग मी दोघाईच्या मधात जाऊन उभाच राह्यलो. वरडलो. अस्वल उभं झालं, पाह्यलं, अन् गेलं निघून. सुरीच्या भरोश्यावर उभा होतो गड्या."

पत्रूने चहा खाली ठेवला. तो उठला, रामाजीच्या कमरेची सुरी उपसली आणि तिची मूठ चुलीच्या निखाऱ्याजवळ धरली. पाच-दहा श्वास झाले असतील. मग त्याने ती उलटी करून जरा झटकली. पातं रामाजीच्या पायाशी मातीत पडलं.

रामाजी पात्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"तुले माहीत होतं?"

"कालपासून."

"कालपासून," रामाजी म्हणाला, आणि मग जो काही तो भडकला! शाळेपासूनची सगळी नावं त्याने पत्रूला ठेवली. तुह्या बढाईपायी माह्या पोरी उघड्यावर पडल्या असत्या, म्हणाला. पत्रूने मान खाली घालून सगळं ऐकलं. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. बोलून बोलून थकला तसा रामाजी खाली बसला.

मग त्याने ती तिसरी, ओबडधोबड सुरी उचलली. खिळ्यांवरून अंगठा फिरवला.

"अन् हिच्यावर ठेवू का भरोसा? खरं सांग."

हो म्हणायला पत्रूचं तोंड उघडलं. आयुष्यभर भर बाजारात सहज निघालेला शब्द, पण तो बाहेर येईना. त्याने सुरी रामाजीच्या हातातून घेतली, मूठ निखाऱ्यावर धरली, लाकूड करपेपर्यंत धरली. मग चौकीमागच्या धावड्याच्या खुंटाकडे गेला आणि घाव घालू लागला. पात्याने, पाठीने, मुठीने. दगडावर आपटली, खुंटात रोवून तिच्यावर उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं. तळहाताचे फोड फुटले. मूठ हलली नव्हती, पण दर चार घावांनी तो खिळे तपासायचा आणि पुन्हा हात उचलायचा.

"बस झालं, पत्रू," रामाजी पाण्याचा लोटा घेऊन मागे उभा होता. त्याच्या आवाजातला राग केव्हाच गेला होता. "ठेवतो मी भरोसा. जाय आता घरी."

"आनखी थोडं," पत्रू म्हणाला.