गिरणीमागचा फोटोचा क्लास

ज्या दिवसांत केडगावची माणसं कॉम्प्युटरला घाबरायची, त्या दिवसांत गावातले काही कॉम्प्युटर माणसाला घाबरून होते. ते माझ्या धाकट्या मामींचे. मामा पिठाची गिरणी चालवायचे आणि गिरणीमागच्या खोलीत मामींचा शिवणक्लास होता. डिजिटल कॅमेरे आले तशी मामींनी पुण्याला जाऊन कुठलासा कोर्स केला, शिलाई मशिनं विकून जुने कॉम्प्युटर आणले आणि दाराला पाटी लावली, 'येथे फोटो सुधारायला शिकवले जाईल'. मामा म्हणाले, "आधी धड चालू करता येतंय का बघ." मामींनी ऐकलं नाही, कारण मामांचं ऐकायची त्या घरात पद्धतच नव्हती. दौंडच्या स्टुडिओतली मंडळी, शिक्रापूरच्या कंपन्यांतून सुट्टीच्या दिवशी येणारे कामगार, आणि घरचाच म्हणून फुकट शिकणारा मी, असा आमचा वर्ग. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कायम पीठ बसलेलं. गिरणी सुरू झाली की लाईट इतकी खाली यायची की कॉम्प्युटर बंदच पडायचे. म्हणून मामा आधी हाळी द्यायचे, "चालू करतोय गं," आणि आम्ही हातातलं टाकून आपापलं काम सेव्ह करायला धावायचो.

फोटोतला लेयर, म्हणजे थर, काय असतो, हे मामींनी आम्हाला ब्लाऊजवरून शिकवलं. "वरचं कापड येगळं, आतलं अस्तर येगळं. अस्तर उसवलं म्हणून कुणी कापड टाकून देतं का? तसंच हे. ज्याचं त्याचं येगळं ठिवायचं, म्हंजी हवं तवा काढता येतं." शिक्रापूरचा एक कामगार नवरीच्या कपाळावर टिकली काढत केव्हाचा बसला होता आणि टिकली काही दिसेना. मामी त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "अरे बाबा, तू खालच्या लेयरवर बसलायस. पाटाखाली रांगोळी काढतोस आन् म्हणतोस दिसत न्हाई." बिचारा कानापर्यंत लाल झाला. मामींचा राग मात्र चहा उकळेपर्यंतच टिकायचा. पहिला कप त्यालाच मिळाला.

इफेक्ट म्हटलं की मात्र मामींचा हात आवरत नसे. सावली, चकाकी, धुकं, जे हाताला लागेल ते त्या फोटोवर ओतायच्या. एकदा दौंडच्या एका लग्नाच्या अल्बमात नवऱ्याची सावली डावीकडे आणि नवरीची उजवीकडे पडलेली मला दिसली. मी भीत भीत तसं म्हणालो. मामी शांतपणे म्हणाल्या, "दोन घरची माणसं हायेत. सावल्या एकीकडं पडायला जरा वेळ लागतोच की." 

एके दिवशी खुटबावहून फुलशेती करणारे एक आबा आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. तिची आई वारलेली. हळदीला आईचा फोटो पाटावर ठेवायचा, एवढीच पोरीची इच्छा. पण घरात आईचा फोटो एकच, तोही कुणाच्यातरी लग्नातला, आणि त्यात आईच्या अर्ध्या चेहऱ्यापुढे एक भलामोठा फेटा आलेला.

"कुणाचा ओ हा फेटा?" मामींनी विचारलं.

आबा खाली बघत म्हणाले, "माझाच हाय."

मामींनी पदर खोचला. "बघा रे नीट," असं आम्हाला बजावून त्यांनी फेटा उडवला, दिसत होता तेवढा अर्धा चेहरा उलटा करून पलीकडे जोडला आणि सांधा पुसून टाकला. मग गालांवर उजेड, मागे निळं धुकं, डोक्याभोवती सोनेरी चकाकी. आम्ही तोंडात बोटं घातली.  मुलगी मात्र हळू आवाजात म्हणाली, "लई छान झालाय. पन ही आई न्हाई. आईची एक भुवई जरा वर असायची. हिच्या दोन्ही सारख्याच हायेत."

आता मामी पोरीवर करवादणार, असं मला वाटलं. मामी खुर्ची ओढून परत बसल्या. त्यांनी चकाकी काढली, धुकं काढलं. गालांवरचा उजेड गेला, उलटा जोडलेला चेहरा गेला आणि फेटा पुन्हा जागेवर आला.

"खरं एवढंच हाय बाई," त्या म्हणाल्या. "ह्याच्या पुढचं मला येत न्हाई."

मामींच्या तोंडून 'येत न्हाई' मी पहिल्यांदाच ऐकलं. 

मुलगी पडद्याजवळ सरकली. "ही आई," ती म्हणाली. "असाच द्या. आबांचा फेटा ऱ्हाऊ द्या."

आबांनी उपरण्याने डोळे पुसले. "जल्मभर तिच्या आडवाच आलो मी. लेकीच्या लग्नात तरी बाजूला व्हावं म्हणलं होतं."

"तुमी हाय तिथंच बरे दिसताय आबा," मामी म्हणाल्या आणि फोटो मोठा करायला घेतला.

क्लास कधीच बंद झाला. आता माझा शिरूरला स्टुडिओ आहे. तिथे मामींचा फोटो लावावा म्हणून शोधायला बसलो, तर एक धड मिळेल तर शपथ. आम्ही सगळ्यांनी सराव मामींच्याच फोटोंवर केलेला. मामी बर्फाच्या डोंगरावर, मामी चंद्रावर, मामी गुलाबाच्या फुलात. आमच्या मामी त्यात कुठेच नाहीत. म्हणून गेल्या दिवाळीत केडगावला गेलो आणि गिरणीच्या दारात बसवून त्यांचा फोटो काढला. केस पांढरे, चष्मा नाकावर घसरलेला. मामींनी कॅमेरा लांब धरून बघितला.

"लई म्हातारी दिसतीय रे."

"करू का जरासं काही?" मी विचारलं.

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"नको," म्हणाल्या. "मग क्लासातली पोरं वळखायची न्हाईत."