दसऱ्याचं मशीन

राजानंदइतका चिवट माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका डोकं उठवणाराही. वाटूर फाट्यावरच्या आमच्या बियाणे कंपनीतले सगळे संगणक तो सांभाळतो. खोलीत दिसतो एकच सर्व्हर, पण त्याच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या प्रोग्रॅमने उभे केलेले संगणक, चालतात, हे मालकांना, म्हणजे काकासाहेबांना, समजावता समजावता त्याची निम्मी नोकरी सरली.

यंदा रोज तीन वाजले की बियाण्यांच्या पिशव्यांचे टॅग छापणारा प्रोग्रॅम अडकून पडायचा. गेटवर ट्रक ताटकळायचे. काकासाहेबांनी चौकशीआधीच निकाल देऊन टाकला. टॅग छापणारी प्रीती कामाच्या वेळी मोबाइलवर मालिका बघते म्हणे! "सोमवारपासून तिला परत पॅकिंगला धाडा." बिचारी पॅकिंगमधूनच कॉम्प्युटर शिकून वर आली होती.

"पुरावा काय, साहेब?" राजानंद तडकला.

"तूच आण."

त्याने ट्रॅफिक, म्हणजे माहितीची ये-जा, मोजणारा प्रोग्रॅम सर्व्हरबाहेरच्या स्विचला, सगळ्या संगणकांच्या तारा जुळतात त्या पेटीला, जोडला. चार दिवस आम्ही तीनच्या ठोक्याला पडद्याकडे डोळे लावून बसलो. रेघ सपाट! काकासाहेब म्हणाले, "मशीनचा दोष बिलकुल न्हाई. मंग पोरीचाच." प्रीती मान खाली घालून उभी. मला तर सगळ्यांचाच संताप आला.

शनिवारी राजानंदने कपाळावर हात मारला. "आपण वेशीवर पहारा देऊन राह्यलो, अन् गोंधळ घरातल्या घरात!" एका व्हर्च्युअल मशीनकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती सर्व्हरच्या बाहेर येतच नव्हती. काखेत कळसा अन् गावाला वळसा! त्याने मोजणी सर्व्हरच्या आत बसवली. तीन वाजले, आणि रेघ ताडकन वर गेली.

चोर निघाला 'दसरा'. कंपनीचा पहिला संगणक, दसऱ्याला नारळ फोडून, झेंडू वाहून सुरू केलेला. डबा भंगारात गेला, तरी "पुजलेलं मशीन बंद करायचं न्हाई" या काकासाहेबांच्या हट्टापायी त्याचं व्हर्च्युअल मशीन करून ठेवलं होतं. ते रोज तीनला आपली अख्खी नक्कल टॅगच्या प्रोग्रॅमच्या व्हर्च्युअल मशीनवर ओतत होतं.

"हे कुणी लावून ठेवलं?" काकासाहेब गरजले.

राजानंदने नोंद उघडली आणि त्याचा चेहराच उतरला. नाव त्याचंच होतं. चार वर्षांपूर्वी लावलं आणि साफ विसरला. नक्कल जिथे उतरायची त्याच मशीनवर यंदा टॅगचा प्रोग्रॅम हलवला, तोही त्यानेच. ती नोंद आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हती. तो गप्प राहिला असता तरी खपून गेलं असतं.

"मीच, साहेब," तो म्हणाला. "प्रीतीताई, माफ करा."

"माफीचं मंग बघू, दादा," प्रीती म्हणाली. "आधी तो दसरा बंद करा. ट्रक थांबून राह्यलाय."

"कर बंद," या वेळी काकासाहेब स्वतःच म्हणाले.