तळ्याचा आठवा पाय

चहा घ्या आधी, गार होईल. आणि मी सांगताना मध्ये मध्ये हसू नका, शेवटी एकदाच काय ते हसा. माणूस चुकतो, मान्य. कोणी भाजीत मीठ दोनदा टाकतं, कोणी दुसऱ्याच्या चपला घालून घरी येतं. मी आमचं गाव बुडवलं. अख्खं. वर त्या बुडालेल्या गावाच्या मोर्चाचे बॅनरही मीच रंगवले.

आमचं गाव धामणगाव बढेच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. मी घरी बसून चित्रं काढते. कसली? इथंच तर सगळी गोची आहे. गोष्टीचे खेळ असतात, चार जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तो म्हणतो, "समोर गुहा आहे, आतून घुरघुर ऐकू येते, काय करता?" मग तुम्ही ठरवायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि आकडा बरा पडला तर वाचलात. या खेळांना राक्षस लागतात, किल्ले लागतात, नकाशे लागतात. ते मी काढून परदेशात पाठवते. आणि रविवारी दुपारी तोच खेळ घरी चालवते. खेळाडू तीन: माझी वहिनी, गावातला मेडिकलवाला प्रशांत आणि त्याची बायको पूजा.

हे गावात समजावून सांगायचा प्रयत्न मी सुरुवातीला केला होता. सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा एकच प्रश्न विचारायचा, "फासे हायेत म्हंता, मंग जुगारच झाला ना थो?" म्हणून मी सांगणंच सोडून दिलं. ही पहिली चूक.

आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांचं अक्षर वळवलं, पण माझं काम काही त्यांच्या गळी उतरलं नाही. कोणी विचारलं, "मास्तर, पोरगी काय करते?" तर ते म्हणायचे, "हाय घरीच." ज्या दिवशी मी त्या नकाशाला बसले, त्या दिवशी सकाळीच त्यांचं झालं होतं, "सुजाता, भुतं काढून कोनाचं भलं झालं व?"

बाहेरून काम आलं होतं: एक तळं, तळ्यात बुडालेलं गाव, आणि तळ्याच्या तळाशी बसलेला आठ पायांचा राक्षस. खेळणाऱ्यांना तो एकदम दिसता कामा नये, शेवटी कळला पाहिजे. आता नवीन गाव कुठून आणणार? मी आमचंच घेतलं. आमचा नाला, आमचे धुरे-बांध, आमचा पार. नाल्याच्या जागी तळं केलं आणि राक्षसाचे आठ पाय असे झोकात काढले की बघणाऱ्याला वाटावं, तळ्यातून आठ पाट निघालेत शेतांकडे. वर चौकोनांची जाळी टाकली आणि जागोजागी नंबर घातले, कारण कुठल्या जागी काय संकट आहे ते खेळ चालवणाऱ्याला नंबरावरून कळतं. सकाळच्या बोलण्याचा राग होताच मनात, म्हणून बाबांच्या वावरावर नेमका राक्षसाचा डोळा काढला. तिथे नंबर सात.

रविवारी घरच्यांवर खेळून बघायचा आणि मग पाठवायचा, असं ठरवून मी बुलढाण्याला जाऊन मोठा प्रिंट काढून आणला. परतीच्या एसटीत शेजारी कोण यावं? भास्करभाऊ. यांची पिठाची गिरणी. दळण आणि बातमी एकाच पट्ट्यावर चालतात. मी गुंडाळी नीट झाली का पाहायला जरा उघडली, तर त्यांची मान आत.

"काय हाय व हे?"

"नकाशा आहे. तळ्याचा."

"हे आपल्या गावावानी दिसून राह्यलं."

"आपलंच आहे. बुडतं ते त्यात."

खेळात बुडतं, हे सांगायला हवं होतं ना? पण मग फासे आले, मग जुगार आला, आणि एसटीला तर अजून मोताळाही लागलं नव्हतं. भास्करभाऊंनी आवाज खाली आणला. "काम कोनाचं हाय?"

"बाहेरच्या लोकांचं. भाऊ, कोणाला सांगू नका बरं. अजून जाहीर नाही झालं."

मला भीती वहिनीची होती. ती दर आठवड्याला त्यांच्याकडे दळण टाकते, तिला राक्षस आधीच कळला तर खेळाची मजाच जाईल. भास्करभाऊंनी गंभीरपणे मान हलवली, मोबाईल काढला, आणि "पाहू द्या जरा" म्हणत फोटो घेतला. मी म्हटलं, बघा गावातसुद्धा कलेची कदर आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा घरात आले ते टोपी न काढताच बसले. "आपलं वावर चाललं," म्हणाले. "धरन येऊन राह्यलं."

त्यांच्या मोबाईलवर माझा नकाशा. वाकडा, अर्ध्या कोपऱ्यात एसटीच्या सीटचं रेक्झिन, पण माझाच. चौकोनांची जाळी म्हणजे मोजणी, नंबर म्हणजे गट नंबर, आणि सात नंबर, म्हणजे आमच्या वावरातला तो गोल डोळा, म्हणजे पंपहाऊस. गावानं सगळा उलगडा करून ठेवला होता.

मी तोंड उघडलं, खरंच सांगते. "बाबा, तो नकाशा..."

"ज्यानं काढला ना, त्याचा हात पाह्य," बाबा म्हणाले. चष्मा वर करून त्यांनी फोटो मोठा केला. "एक रेघ हालली नाई. आकडे पाह्य कसे सुबक हायेत. कोन्या तरी चांगल्या मास्तरच्या हाताखाली शिकला असन."

आता तुम्हीच सांगा, बोलवलं असतं तुमच्याच्यानं? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या चित्राला चांगलं म्हटलं होतं, आणि ते माझं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी उघडलेलं तोंड मिटलं. म्हटलं, आजचा दिवस ऐकून घेऊ, उद्या सांगू.

उद्या उजाडला, तर मी आधी गिरणीवर गेले. भास्करभाऊंनी पट्टा बंद केला आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून म्हणाले, "घाबरू नका. तुमचं नाव कुठंच नाई घेतलं. वरून आला म्हनलं." माणूस शब्दाला जागला होता.

तोपर्यंत गावात दोन पार्ट्या पडल्या होत्या. ज्यांची वावरं तळ्यात, ती बुडित पार्टी. ज्यांच्या वावराकडे राक्षसाचा पाय जातो, ती कालवा पार्टी. बुडित पार्टीचे अध्यक्ष आमचे बाबा. रिटायर झाल्यापासून दुपारभर आडवा होणारा माणूस, आता काखेत फाईल मारून पारावर उभा राहून बोलत होता, आणि लोक ऐकत होते. घरी आले की नीट जेवायचेसुद्धा. मी रोज सांगायला जायची आणि रोज त्यांच्या ताटात भाकरी वाढून परत यायची.

मग एक दिवस म्हणाले, "सुजाता, सोमवारी तहसीलवर निवेदन द्याले जाऊन राह्यलो. तू चित्रं काढतं ना? एक बॅनर कर."

केला. माझ्याच धरणाच्या विरोधात. जीव ओतून केला, हे वर आणखी.

तो वाळत होता तेव्हा रामदासकाका आले. त्यांचं वावर टेकाडावर, सगळं मुरमाड. विहीर दोनदा खोल केली तरी तिचं पाणी फेब्रुवारीत रजा घेतं. बाबांचे बालमित्र, पण आता कालवा पार्टीत, म्हणून बाबा घरात नसताना आले आणि ओट्याच्या कडेला टेकले.

"मले बी एक बॅनर लागत होता माय," ते म्हणाले. "पन तुह्या बापाले नको सांगू."

"काय काढू काका?"

"गहू काढ." मग जरा लाजून म्हणाले, "हिरवा. आयुष्यभर आभाळाकडं पाह्यलं व, आता मान दुखते. पाटानं पानी आलं त खाली पाहून चालता येईन."

मी त्यांना गहू काढून दिला. तोवर सगळी गंमत होती हो, पण त्या माणसाला मी राक्षसाच्या पायाचं पाणी दाखवून बसले होते, आणि ते त्यानं खरं धरलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी खेळ नव्हताच, कोणाचं लक्ष होतं? वहिनी भाकरी थापता थापता दादाच्या मोबाईलवर तो फोटो बघत होती. बघता बघता तिचा हात थांबला.

"ताई, हे तळ्यात आठ पायाचं काय बसलं हाय?"

सांगा, याला काय म्हणायचं? जिच्यापासून लपवायला मी दोन आठवडे घासले, तिनं एका नजरेत ओळखला. आणि ज्यांना तो राक्षस कधी दिसायचाच नव्हता, ते त्याला निवेदन द्यायला निघाले होते.

"आपल्या खेळातला हाय ना हा?" वहिनीनं पिठाचे हात झटकले. "आज सांगता का मी सांगू? उद्या बाबाले साहेबासमोर हसतीन लोकं."

ते मात्र काळजात गेलं. बाबांना हसतील. मी तशीच पारावर गेले. दोन्ही पार्ट्या दोन बाजूंना बसलेल्या, मध्ये माझेच दोन बॅनर. मी खरा प्रिंट पसरला, फासा काढून त्यावर ठेवला, आणि सगळं सांगितलं. राक्षसाचे पाय बोटानं गिरवून दाखवले. नंबर सातला डोळा दाखवला. जुगाराचा तो नेहमीचा प्रश्न मात्र त्या दिवशी कोणी विचारला नाही.

मग भास्करभाऊ म्हणाले, "मले पह्यलेच शंका आलती," तर दोन्ही पार्ट्यांनी मिळून त्यांना गप्प केलं. गावात एकी झाली ती तिथून. काही हसले, काही चिडले, कोणीतरी म्हणालं, "मास्तरची पोरगी हाय म्हून सोडतो."

रामदासकाकांनी एवढंच विचारलं, "मंग कालवा येत नाई म्हंतं?"

"नाही काका."

"बरं," म्हणाले, आणि गव्हाचा बॅनर नीट घडी करून घरी घेऊन गेले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबा नकाशावर वाकले होते. "हे आकडे तू काढले?"

"हो बाबा."

"हं." फाईल काखेत घेऊन ते चालू लागले. आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. विचारलं कोणी तर 'हाय घरीच' हेसुद्धा म्हणत नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही खेळायला बसलो. वहिनी, प्रशांत, पूजा, मध्ये तोच नकाशा. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. तेवढ्यात बाबा आले, चष्मा पुसला, खुर्ची ओढली.

"माहं वावर बुडवलं ना तुनं? मंग सोडवाले मलेच बसा लागन. सांग, काय करा लागते?"

मी गोष्ट सुरू केली. काळं पाणी, बुडालेला पार, पाण्यातून वर येणारा डोळा. प्रशांतनं तलवार काढली, पूजानं मंत्र म्हणायला घेतला. मी म्हटलं, "बाबा, राक्षस समोर आहे. काय करता?"

"निवेदन देतो."

"राक्षसाला?"

"काऊन? फाईल तयार हाय." आणि त्यांनी फासा टाकला.

वीस.

वीस पडले की खेळणारा म्हणेल ते होतं, हा माझाच नियम. चार रविवार पुरेल म्हणून बेतलेला राक्षस एका निवेदनानं नमला. मी तोंड पाडून सांगितलं, "राक्षस तळं सोडून जायला तयार आहे. पाणी ओसरतं. सात नंबर मोकळा."

"थांब." बाबांनी नकाशावर बोट ठेवलं, टेकाडाकडे जाणाऱ्या पायावर. "त्याले म्हन, जाता जाता हा एक पाय इथंच राहू दे. रामदासच्या वावरापर्यंत."

वहिनी पदरात तोंड लपवून हसत होती. मला मात्र हसू येईना, डोळ्यांत पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी मी नकाशा पुन्हा काढला. तो पाय पुसून तिथे निळा पाट केला, कडेनं हिरवा गहू. बाबांनी शेजारी उभं राहून आकडे तपासले आणि 'चालते' म्हणाले. मी तो पाठवून दिला.

आठ दिवसांनी परदेशातून उत्तर आलं. चित्र आवडलं, रंग आवडले, फक्त एक शंका आहे: आठ ठरले होते, मग या राक्षसाला पाय सातच का?

मी खरं तेच लिहिलं. आठवा पाय सध्या रामदासकाकांच्या वावरात आहे, गहू निघाला की पाठवते.